हुलीच्या इतिहासाची साधने : नो-लिमिट होल्डेममधील अखेरच्या पानावरील जादा पैज

इतिहासाची साधने म्हणून जे काही मागे उरते ते बहुधा कोणी तरी जपलेले असते, नाही तर कोणाच्या तरी निष्काळजीपणाने वाचलेले असते. परंतु काही कृती अशा आहेत, की पुरावा नाहीसा होणे हीच त्यांच्या यशाची अट असते. पत्त्यांच्या खेळातील हूल ही त्यांपैकी एक होय. खेळाडूच्या हाती हलकी पाने असतात. तो मोठी पैज लावतो. प्रतिपक्षी विचार करतो आणि आपली पाने टाकून देतो. पैज लावणारा जमलेली रक्कम ओढून घेतो आणि त्याची पाने कोणालाही न दाखवता गड्डीत मिसळली जातात. दिवाळीच्या रात्री रंगलेली तीनपत्ती ज्याने बाजूला बसून पाहिली असेल, त्याला हा प्रकार अपरिचित नाही. फसलेली हूल सर्वांच्या डोळ्यांदेखत उघडी पडते. साधलेली हूल एकट्या हूल देणाऱ्यासच ठाऊक असते. अर्थात हुलीचा इतिहास लिहावयाचा तर एका बाजूस फसलेल्यांची हकीकत आणि दुसऱ्या बाजूस यशस्वी माणसाने स्वतःच सांगितलेली बढाई, एवढीच सामग्री दीर्घकाळ उपलब्ध होती. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतील अंतर निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेच अंतर येथे, एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात, फार लख्खपणे दिसते.

प्रस्तुत निबंधाचा विषय 'नो-लिमिट टेक्सस होल्डेम' या नावाच्या पोकरच्या प्रकारातील एका विशिष्ट कृतीपुरता मर्यादित आहे : अखेरचे पान उघडल्यावर, जमलेल्या रकमेहून मोठी पैज लावून दिलेली हूल. ही कृती पुष्कळ काळ धाडसाची, लहरीची किंवा वेडेपणाची म्हणून वर्णिली गेली. गणिताने १९५९ साली तिचा चोख हिशेब मांडलेला होता. तरीही खेळणाऱ्यांच्या आचरणात तो हिशेब उतरावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचे कारण खेळाडूंच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा साधनांच्या स्वरूपात शोधणे अधिक उचित ठरेल.

प्रथम खेळाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे. होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात. नंतर सर्वांसाठी समाईक अशी पाच पाने टेबलावर उघडली जातात : प्रथम तीन एकदम, त्यांना 'फ्लॉप' म्हणतात; मग एक, तो 'टर्न'; आणि शेवटी आणखी एक, तो 'रिव्हर'. प्रत्येक टप्प्यावर पैजेची एक फेरी होते. सातांपैकी उत्तम पाच पानांचा ज्याचा मेळ वरचढ, तो जिंकतो; किंवा बाकीच्या सर्वांनी पाने टाकली तर उरलेला एकटा जिंकतो. मध्यभागी जमलेल्या रकमेला 'पॉट' म्हणतात. रिव्हर उघडल्यावर नशिबाचे काम संपते. त्यापूर्वी हलक्या पानांनाही पुढील पानाची आशा असते, म्हणून त्या अवस्थेतील हूल अर्धवट हूल असते. रिव्हरवरील हूल मात्र निखळ असते. प्रतिपक्षाने पैज स्वीकारली तर हूल देणाऱ्याचा पराभव निश्चित.

पैजेच्या मर्यादेवरून पोकरचे तीन भेद होतात. एकात पैजेचे माप आधीच ठरलेले असते. दुसऱ्यात पॉटएवढ्या रकमेपर्यंत पैज लावता येते. तिसऱ्यात, म्हणजे 'नो-लिमिट'मध्ये, खेळाडू आपल्यापुढील सर्व चिप्स एका क्षणी पुढे लोटू शकतो. पॉटहून मोठी पैज, जिला येथे 'जादा पैज' म्हटले आहे, ती केवळ या तिसऱ्या भेदातच संभवते. नो-लिमिट या शब्दाने मात्र भ्रम होऊ नये. डाव सुरू होताना जेवढी रक्कम टेबलावर असेल तेवढीच पणाला लावता येते, आणि ज्याच्यापाशी कमी असेल तो आपल्यापाशी असेल तेवढ्याने पैज स्वीकारून डावात राहू शकतो. हा नियम वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः हुलीच्या इतिहासात त्याच्याइतके महत्त्व दुसऱ्या कोणत्याही नियमाला नाही. तो नसेल तर मोठी पैज म्हणजे केवळ थैलीचा जोर होय. श्रीमंताने गरिबाला टेबलावरून उठवण्याचा तो एक मार्ग. तो नियम आला, की मोठी पैज हा प्रश्न बनतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा हक्क प्रतिपक्षाला मिळतो.

पोकरचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या काठी झाला, आणि आरंभी तो वीस पानांनी खेळला जाई. त्या शतकाच्या मध्यावरच्या अमेरिकन नियमपुस्तकांत पोकरला 'ब्लफ' असे पर्यायी नाव दिलेले आढळते. म्हणजे हूल हा या खेळाचा अलंकार नसून त्याचे नावच होते. होल्डेम हा प्रकार पुष्कळ नंतरचा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा. टेक्सस राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावास त्याचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. लास व्हेगासमध्ये तो १९६३ साली आला. १९७० साली बेनी बिनियन याने आपल्या हॉर्सशू या जुगारगृहात 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' ही स्पर्धा सुरू केली, आणि १९७१ पासून तिच्या मुख्य सामन्यासाठी नो-लिमिट होल्डेम हाच प्रकार निश्चित झाला. येथून हुलींच्या बखरींचा काळ सुरू होतो असे म्हणावयास हरकत नाही.

या बखरीतील एक कथा नमुन्यादाखल पाहण्याजोगी आहे. जॅक स्ट्रॉस हा टेक्ससचा धिप्पाड खेळाडू. १९८२ सालचा मुख्य सामना त्यानेच जिंकला. त्याच्याविषयी सांगतात, की एकदा सत्ती आणि दुर्री अशी सर्वांत टाकाऊ समजली जाणारी पाने हाती असताना त्याने पैज वाढवली. फ्लॉपवर एक सत्ती आणि दोन तिर्र्या आल्या. प्रतिपक्षाने जोरदार पैज वाढवली, तेव्हा आपण हरत आहोत हे त्याने ओळखले. तथापि तो डावात राहिला. टर्नवर दुर्री आली. स्ट्रॉसने १८,००० डॉलर पुढे लोटले. प्रतिपक्षी घुटमळला. तेव्हा स्ट्रॉस म्हणाला, की २५ डॉलर दिल्यास माझ्या दोहोंपैकी तुला हवे ते एक पान दाखवतो. प्रतिपक्षाने चिप फेकली, एका पानाकडे बोट दाखवले, आणि ती दुर्री निघाली. कोणतेही पान निवडण्याची मुभा दिली त्या अर्थी दोन्ही पाने सारखीच असली पाहिजेत, म्हणजे याच्याकडे तीन दुर्र्या व दोन तिर्र्या आहेत, असे अनुमान करून त्याने आपली पाने टाकली.

कथा मोठी सुरस आहे, आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. पण तिचे लक्ष कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. पॉटमध्ये काय होते आणि १८,००० डॉलर हे त्याच्या किती पट होते, हा प्रश्न कथेला पडतच नाही. तिचा सारा जीव त्या २५ डॉलरच्या चिपेत आहे. हूल ही एका विशिष्ट माणसाची चतुराई, एका विशिष्ट रात्री, एका विशिष्ट प्रतिपक्षावर चाललेली, असेच तिचे स्वरूप राहते. बखरकार पराक्रम सांगतो. जमाखर्च सांगत नाही. स्ट्रॉसच्या किती हुली फसल्या याची बखर कोणी लिहिली नाही, आणि लिहिली असती तर ती कोणी वाचली नसती.

जमाखर्च मांडण्याचे काम दुसरीकडे चालू होते, आणि ते जुगारगृहापासून फार दूर. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ साली खेळांच्या सिद्धान्ताचा पाया घातला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकर आणि हूल यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले. हुलीचे दोन हेतू त्याने वेगळे केले : दुर्बळ असता सबळ असल्याचा आभास निर्माण करणे हा एक, आणि सबळ असता दुर्बळ असल्याचा संशय प्रतिपक्षाच्या मनात कायम ठेवणे हा दुसरा. दुसरा हेतू अधिक खोल आहे. जो कधीच हूल देत नाही त्याच्या खऱ्या बळाच्या पैजा कोणी स्वीकारणार नाही. म्हणजे हुलीचा लाभ केवळ ती साधली तेव्हाच मिळतो असे नाही, तिच्यामुळे खऱ्या बळालाही किंमत येते. शिवाय हूल कोणत्या पानांवर द्यावी याचेही उत्तर त्याने दिले. ती सर्वांत हलक्या पानांवर द्यावी. मध्यम पाने निमूट दाखवली तरी कधीकधी जिंकतात. त्यांवर हूल देणे म्हणजे हातचे मोल घालवणे होय. फॉन नॉयमनच्या प्रतिमानात मात्र दोनच ठरीव पैजा होत्या, एक मोठी आणि एक लहान. पैज किती मोठी असावी हा प्रश्न त्यात उद्भवत नव्हता.

तो प्रश्न डोनाल्ड न्यूमन या अमेरिकन गणितज्ञाने १९५९ साली 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकातील एका छोट्या लेखात सोडवला. त्याचे प्रतिमान असे : दोन खेळाडू प्रत्येकी एक एकक रक्कम पॉटमध्ये टाकतात. प्रत्येकास शून्य आणि एक यांच्या दरम्यानची एक संख्या गुप्तपणे मिळते. मोठी संख्या श्रेष्ठ. पहिल्या खेळाडूने वाटेल तेवढी पैज लावावी किंवा लावू नये. दुसऱ्याने ती स्वीकारावी किंवा पाने टाकावीत. ही रिव्हरवरील शेवटची फेरीच होय. पाने उघडून झाली, नशीब संपले, आणि पैजेला मर्यादा नाही.

न्यूमनचे उत्तर समजण्यासाठी एक साधा हिशेब आधी पाहावा लागतो. पॉटच्या निम्मी पैज लावून दिलेली हूल परवडण्यासाठी तीन वेळांपैकी एकदा साधली पाहिजे. पॉटएवढी पैज असेल तर दोहोंपैकी एकदा. पॉटच्या दुप्पट असेल तर तिहींपैकी दोनदा. पैज वाढते तशी जोखीम वाढते. येथवर सामान्य व्यवहारबुद्धी बरोबर असते, आणि ती पुढे असे अनुमान काढते, की मोठ्या पैजेची हूल क्वचितच द्यावी. हे अनुमान चुकीचे आहे. पैज स्वीकारणाऱ्याच्या बाजूने पाहिले म्हणजे चूक ध्यानात येते. निम्मी पैज स्वीकारणाऱ्यास चार एकके जिंकण्यासाठी त्यांतील एकच आपण घालावे लागते. म्हणून लावणाऱ्याच्या पैजांपैकी एकचतुर्थांशाहून अधिक हुली असतील तर पैज स्वीकारणे त्याला फायद्याचे होते. पॉटएवढ्या पैजेला हे प्रमाण एकतृतीयांश होते, दुप्पट पैजेला दोनपंचमांश, आणि पैज अमर्याद वाढवीत नेली तर ते निम्म्याच्या जवळ पोहोचते. दुसऱ्या शब्दांत, पैज जितकी मोठी तितक्या अधिक हुली खऱ्या बळाच्या पदराआड लपू शकतात. मोठी पैज हुलीला अधिक आसरा देते. हा निष्कर्ष टेबलावर बसलेल्या माणसाला उफराटा वाटावा यात नवल नाही.

न्यूमनच्या उत्तरात पहिला खेळाडू एकसप्तमांशाहून लहान संख्या मिळाल्यास हूल देतो; एकसप्तमांश ते चारसप्तमांश या पट्ट्यात स्वस्थ बसतो; आणि त्यावर खऱ्या बळाची पैज लावतो, जी संख्येबरोबर वाढत जाते. १७/२१ या संख्येवर तो पॉटच्या निम्मी पैज लावतो, २५/२८ वर पॉटएवढी, २०/२१ वर दुप्पट. या खेळाचे मूल्य पहिल्या खेळाडूच्या बाजूने आरंभी टाकलेल्या रकमेच्या एकसप्तमांश इतके येते. केवळ पैजेचे माप निवडण्याचा हक्क आणि दुसऱ्याला उलट वाढवण्याची बंदी, एवढ्यातून हा लाभ निघतो. न्यूमनच्या सूत्रांतून आणखी एक गोष्ट सहज निघते आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. खऱ्या बळाच्या पैजांपैकी पॉटहून मोठ्या अशा फक्त एकचतुर्थांश असतात. पण हुलींपैकी पॉटहून मोठ्या अशा बरोबर निम्म्या असतात. जादा पैज ही हुलीचा अपवादात्मक प्रकार नसून तिचे अर्धे घर आहे.

हे १९५९ साली छापले गेले. त्या वेळी होल्डेम अद्याप लास व्हेगासला पोहोचलाही नव्हता. मग पुढील चाळीस-पन्नास वर्षे हा निष्कर्ष टेबलांवर का दिसला नाही?

एक कारण बाह्य आहे. स्पर्धेचा मुख्य सामना नो-लिमिट असला तरी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील जुगारगृहांत रोज चालणारा होल्डेम बहुतांशी ठरीव पैजेचा होता; त्यात जादा पैज अशक्यच. स्पर्धेत ती शक्य होती, पण तेथे सक्तीच्या आरंभीच्या पैजा वेळेबरोबर वाढत जातात, आणि खेळाडूंपुढील चिप्स त्या मानाने तुटपुंज्या होतात. रिव्हरपर्यंत डाव पोहोचला तर पुढे लोटण्यास पॉटहून अधिक रक्कम पुष्कळदा उरतच नाही. डॉइल ब्रन्सन याने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने आक्रमक खेळाचे शास्त्र बनवले, आणि प्रतिपक्षाला त्याच्या सर्व चिप्सविषयी निर्णय घेण्यास भाग पाडावे हे सूत्र रूढ केले. परंतु त्या आक्रमणाचा भर पुढील पानाची आशा शिल्लक असलेल्या टप्प्यांवर होता. पुढे २००४ नंतर डॅन हॅरिंग्टन याच्या ग्रंथांनी शिकलेल्या पिढीला निम्म्यापासून पूर्ण पॉटपर्यंतचे माप हेच सभ्य माप वाटू लागले.

दुसरे कारण आंतरिक आहे आणि तेच अधिक विचारार्ह आहे. तिहींपैकी दोनदा साधणारी हूल तिहींपैकी एकदा फसते, आणि फसते तेव्हा पॉटच्या दुप्पट रक्कम जाते, तीही सर्वांसमोर, हाती काहीच नसल्याचे उघड होऊन. साधलेल्या दोन हुलींची पाने गड्डीत गेलेली असतात. टेबलाभोवती बसलेल्यांच्या स्मृतीत म्हणून फक्त फसलेलीच जादा हूल राहते. परंपरा अशी स्मृतीवर उभी राहते, आणि येथे स्मृतीच एका बाजूस कललेली होती. 'मोठी पैज म्हणजे खरे बळ' आणि 'मोठी पैज म्हणजे घाबरलेला माणूस' या दोन परस्परविरुद्ध म्हणी खेळाडूंच्या जगात एकत्र नांदत होत्या, याचे आश्चर्य वाटावयास नको. दोन्हींच्या समर्थनार्थ प्रत्येकाला आठवणीतले चार डाव सहज काढता येत होते.

ही स्थिती पालटली ती कॅमेऱ्याने. टेबलाच्या कडेला काच बसवून खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांस दाखवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९९९ साली दूरचित्रवाणीवर आली, आणि २००३ पर्यंत अमेरिकेत रुळली. साधलेली हूल प्रथमच तिऱ्हाइताच्या डोळ्यांना दिसली. मे २००३ मध्ये मुख्य सामन्यात ८३९ खेळाडू होते. शेवटी ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील हिशेबनीस आणि सॅमी फार्हा हा अनुभवी व्यावसायिक असे दोघेच उरले. एका डावात मनीमेकरपाशी इस्पिकचा राजा व बदामची सत्ती होती. फार्हापाशी इस्पिकची राणी व बदामची नव्वी. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की आली. टर्नवर इस्पिकची अठ्ठी. मनीमेकरला आता दोन आशा होत्या : आणखी एक इस्पिक, किंवा ओळीचा मेळ पुरा करणारी दश्शी अथवा पंजी. रिव्हरवर बदामची तिर्री आली आणि दोन्ही आशा संपल्या. फार्हाने पैज लावली नाही. मनीमेकरने आपल्यापुढील सर्व चिप्स लोटल्या. पॉटहून स्पष्टपणे मोठी अशी ती पैज होती. फार्हापाशी नव्वीची जोडी होती, म्हणजे तो जिंकत होता. तुझे इस्पिक हुकले असावे, असा तर्कही त्याने बोलून दाखवला. तो तर्क अचूक होता. तरीही त्याने पाने टाकली. त्यानंतर थोड्याच वेळात सामना मनीमेकरने जिंकला. २००४ साली मुख्य सामन्यास २,५७६ आणि २००६ साली ८,७७३ खेळाडू आले.

प्रक्षेपणाच्या निवेदकाने या डावास शतकातील सर्वश्रेष्ठ हूल म्हटले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. हूल साधली ही घटना. हूल योग्य होती हा निर्णय. पहिलीवरून दुसरा निघत नाही. ती पैज पॉटच्या दीडपट होती असे धरले, तर दहांपैकी सहा वेळा फार्हाने पाने टाकावयास हवीत. एका डावावरून हे प्रमाण कोणास सांगता येईल? तथापि एक गोष्ट त्या डावात अशी आहे, की जिचे महत्त्व त्या काळी क्वचितच कोणाच्या ध्यानात आले असेल. टेबलावर तीन इस्पिके होती आणि मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा होता. म्हणजे राजासह इस्पिकाचा मेळ फार्हापाशी असणे अशक्यच होते. प्रतिपक्षाच्या बलाढ्य मेळांतील एखादे पान आपल्याच हाती असणे ही हुलीला अनुकूल गोष्ट होय. न्यूमनच्या प्रतिमानात संख्या परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे हा विचार तेथे येत नाही, खऱ्या पत्त्यांत मात्र तो निर्णायक ठरतो. मनीमेकरने हे ताडले होते की त्याच्या हाती तो राजा योगायोगाने होता, हे कॅमेरा सांगू शकत नाही. कॅमेऱ्याला पाने दिसतात. मन दिसत नाही.

कॅमेऱ्यानेही एक नवी बखरच निर्माण केली, हे मान्य केले पाहिजे. तासन् तास चाललेल्या खेळातून काही मोजके डाव प्रक्षेपणासाठी निवडले जात, आणि निवड अर्थातच नाट्याच्या अंगाने होई. अस्सल कागद म्हणता येतील अशी साधने संगणकावरील खेळातून आली. १९९८ च्या जानेवारीत आंतरजालावर खऱ्या पैशांचा पोकर सुरू झाला. तेथे प्रत्येक डावाची नोंद, पैजेच्या अचूक मापासह, आपोआप लिहिली जाऊ लागली. प्रतिपक्षाची टाकलेली पाने त्या नोंदीत नसत. पण खेळाडूची स्वतःची पाने असत, आणि म्हणून त्याला आयुष्यात प्रथमच आपल्या साधलेल्या व फसलेल्या हुलींचा पुरा हिशेब हाती आला. एका माणसाने जुगारगृहात वर्षभर बसून पाहिले असते तेवढे डाव काही आठवड्यांत जमू लागले. स्मृतीचा कल आता नोंदीशी ताडून पाहता येत होता. बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांनी २००६ साली पोकरच्या गणितावरील ग्रंथात अमर्याद पैजेचे प्रतिमान पुन्हा मांडले, तेव्हा ते ताडून पाहणारा वाचकवर्ग प्रथमच अस्तित्वात होता.

यापुढील टप्पा यंत्रांचा. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोघांमधील ठरीव पैजेचा होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. नो-लिमिटचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण पैजेचे प्रत्येक निराळे माप ही एक निराळी वाट. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'क्लॉडिको' या यंत्राने पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिकांशी ८०,००० डाव खेळले. माणसे ७,३२,७१३ चिप्सनी पुढे राहिली. ७०० च्या पॉटवर १९,००० ची पैज लावणे हे माणसाचे काम नव्हे, अशी त्या यंत्राच्या खेळावर टीका झाली. हिशेब केला तर ही पैज सत्तावीस पट होते, आणि हूल असेल तर ती शंभरांत शहाण्णवाहून अधिक वेळा साधली पाहिजे. न्यूमनच्या प्रतिमानात ती निषिद्ध नाही. पण खऱ्या बळाची एवढी वा याहून मोठी पैज सुमारे १,८०० डावांत एकदाच येते. टीका मर्मावर होती, तथापि तिचा रोख चुकला होता. पैज मोठी होती हा दोष नव्हता. यंत्राला पैजेची मोजकीच मापे ठाऊक होती, हा दोष होता.

११ ते ३० जानेवारी २०१७ या दिवसांत त्याच नगरात, त्याच विद्यापीठाचे 'लिब्रॅटस' हे नोॲम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी रचलेले यंत्र जेसन लेस, डाँग किम, डॅनियल मकऑले आणि जिमी चाऊ या चौघांशी १,२०,००० डाव खेळले. प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही बाजूंस २०,००० चिप्स असत आणि सक्तीची मोठी पैज १०० ची. म्हणजे रिव्हरवर जादा पैजेला भरपूर वाव होता. नशिबाचा भाग कमी करण्यासाठी तीच पाने दोन खेळाडूंना उलट-सुलट देण्याची व्यवस्था केलेली होती. लिब्रॅटसने १७,६६,२५० चिप्स जिंकल्या. टर्नपासून पुढे ते यंत्र प्रत्येक डावाचा उरलेला भाग नव्याने सोडवीत असे, प्रतिपक्षाने लावलेल्या नेमक्या पैजेसह. आणि दिवसभर माणसांनी ज्या मापांच्या पैजा लावून त्याला अडचणीत आणले ती मापे रात्री आपल्या आराखड्यात भरून घेत असे. पॉटच्या कित्येक पट पैजा ते खऱ्या बळावरही लावी आणि हुलीतही लावी. दोन वर्षांपूर्वी जे माप मूर्खपणाचे लक्षण ठरले होते, तेच आता अभ्यासाचा विषय झाले. या मतपालटात किती भाग समजुतीचा आणि किती केवळ निकालाचा, हे विचारण्याजोगे आहे. २०१५ साली यंत्र जिंकले असते तर त्या १९,००० च्या पैजेवरही भाष्ये लिहिली गेली असती.

त्यानंतर डावाची उत्तरे काढून देणारे संगणक-कार्यक्रम सर्वसामान्य खेळाडूंच्या हाती आले आणि जादा पैज अभ्यासक्रमाचा भाग बनली. तिचा आजचा उपयोग एका अटीवर उभा आहे : प्रतिपक्षाने आधीच्या फेऱ्यांत ज्या रीतीने खेळ केला त्यावरून त्याच्यापाशी अत्युत्तम पाने असण्याचा संभव मावळलेला असावा, आणि पैज लावणाऱ्यापाशी ती असण्याचा संभव शिल्लक असावा. अशा वेळी प्रतिपक्षाची मध्यम पाने, कितीही चांगली दिसली तरी, केवळ हूल पकडण्याच्याच कामाची राहतात, आणि पैज दुप्पट झाली म्हणून त्यांचे बळ बदलत नाही. बदलते ती फक्त त्यांना द्यावी लागणारी किंमत. ही अट स्ट्रॉसच्या कथेतही लपलेली आहे. फ्लॉपवर सत्ती आणि दोन तिर्र्या असता पैज वाढवणाऱ्या प्रतिपक्षापाशी बहुधा एखादी मोठी जोडी होती. टर्नवर आलेल्या दुर्रीने तिला काही लाभ झाला नाही, पण दुर्र्यांची जोडी बाळगणाऱ्याला मात्र झाला असता. प्रतिपक्षाने नेमके हेच अनुमान केले, आणि ते करण्यास त्याला २५ डॉलर मोजावे लागले.